टिटवीला जागं करणारा आकडा

टिटवी बोलेना, म्हणून केंद्रातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

ही टिटवी म्हणजे पक्षी नव्हे. ते एक शोधयान होते (शोधयान म्हणजे माणसाविना अंतराळात जाऊन माहिती गोळा करणारे यान). आकाराने घरातल्या कपाटाएवढे. चाळीस वर्षांपूर्वी ते एका धूमकेतूच्या भेटीला गेले, त्याच्या शेपटीतून आरपार उडाले आणि तिथली धूळ, बर्फ, वायू असे सगळे तपासून त्याने ती माहिती आपल्या स्मृतीत साठवली. पण त्याच धुळीच्या माऱ्याने त्याची मोठी अँटेना निकामी झाली. उरली फक्त लहान अँटेना, आणि तिचा आवाज इतका क्षीण की पृथ्वीच्या जवळ आल्याशिवाय तो कुणाला ऐकू येणे शक्य नव्हते. मग वीज वाचवण्यासाठी टिटवी झोपी गेली.

आता सूर्याभोवतीची लांबलचक फेरी संपवून ती पुन्हा पृथ्वीजवळ आली होती. या वेळी तिला उठवले नाही, तर ती परत दूरच्या काळोखात निघून जाणार होती, आणि तिथल्या थंडीत तिची म्हातारी बॅटरी काही तग धरणार नव्हती.

उठवायचे तर हाक मारायला हवी. अंतराळात रेडिओलहरींची खरखर सतत चालू असते. वाटेल त्या खरखरीने टिटवीला जाग येऊ नये, म्हणून तिला बनवणाऱ्यांनी दहा अंकी आकडा ठरवून दिला होता. तो ऐकला तरच ती उठणार. चुकीचा आकडा ऐकला, तर वीज वाचवायला ती दिवसभर कान बंद करून घेणार.

आणि नेमका तो आकडाच हरवला होता. टिटवी जिथे बनली ती संस्था केव्हाच बंद पडली होती, तिथले संगणक भंगारात गेले होते, आणि टिटवी बनवणाऱ्या दहा जणांपैकी आता एकटे भालचंद्र मेस्त्री उरले होते.

भालचंद्र मेस्त्री म्हणजे ऋजुताचे आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना एकट्याने प्रवास करू द्यायचा नाही असे घरात ठरले होते, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत सहावीतली ऋजुता त्यांच्याबरोबर या केंद्रात आली होती. राजापूरच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका सड्यावर (सडा म्हणजे कोकणातले जांभ्या दगडाचे उघडे पठार) हे केंद्र होते. सड्याच्या मधोमध आभाळाकडे तोंड करून एक भलीमोठी पांढरी बशी उभी होती. ती अँटेना. टिटवीची क्षीण कुजबुज ऐकायची आणि तिला हाक मारायची ती याच बशीतून.

केंद्राच्या प्रमुख होत्या डॉ. फरीदा मुकादम. तरुणपणी त्या आजोबांच्या हाताखाली शिकल्या होत्या, त्यामुळे अजूनही त्यांना 'सर' म्हणत.

"सर, तीनच दिवस टिटवी आपल्या बशीच्या टप्प्यात आहे," त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. "म्हणजे तीनच हाका."

पहिली हाक फुकट गेली. जुन्या कागदांत सापडलेला आकडा भलत्याच यानाचा निघाला.

दुसऱ्या दिवशी आजोबा उठले आणि ठामपणे म्हणाले, "मला आठवला." त्यांनी सांगितलेला आकडा होता ३८६१५४७२९०. तो पाठवला. टिटवी गप्पच राहिली.

आज तिसरा दिवस. सूर्यास्ताच्या सुमाराला शेवटची हाक मारायची होती, आणि कुणाकडेच आकडा नव्हता.

दुपारी जेवताना आजोबांनी ताटातला भात नुसताच चिवडला. मागच्या टेबलावरचा एक तरुण इंजिनिअर दबक्या आवाजात म्हणत होता, "एवढ्या वयाच्या माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?" त्याला वाटले कुणाला ऐकू गेले नाही. पण ऋजुताने ऐकले, आणि आजोबांच्या हातातला घास तिथेच थांबलेलाही पाहिला.

"आजोबा, फिरायला जाऊ या?" तिने विचारले.

फरीदामावशींनी दारातच दोघांचे फोन आणि हातातली घड्याळे काढून घेतली. बशीच्या आसपास असले काहीही न्यायला बंदी होती. फोनमधून सतत रेडिओलहरी निघतात आणि त्यांच्यापुढे टिटवीचा आवाज म्हणजे लग्नाच्या बँडपुढे मुंगीची पावले. केंद्रातले संगणकसुद्धा धातूच्या जाळीने मढवलेल्या खोलीत ठेवले होते. केंद्राचा यंत्रमानव ढवळ्या तर त्या खोलीच्या बाहेर पाऊलही टाकत नसे. चहाचा ट्रे तिरका धरून दरवाजापर्यंत यायचा आणि "पुढे मला बंदी आहे, चहा तुम्हीच या," असे काहीतरी उलटसुलट बोलून थांबायचा.

सड्यावर वारा मोकळा वाहत होता. दोघे चालत बशीच्या सावलीत आले आणि काळ्या कातळावर बसले.

"फरीदाला मी तोंड कसं दाखवू तेच कळत नाही," आजोबा म्हणाले. "काल किती छातीठोकपणे सांगितलं मी. आता आणखी काही आठवलं तरी बोलायची हिंमत व्हायची नाही."

ऋजुता त्यांच्याजवळ सरकून बसली. मग तिने सहज विचारले, "तुम्ही सगळे मिळून किती जण होता?"

"दहा. इंदुमती राजाध्यक्ष आमच्या प्रमुख. सुरुवातीला त्या एकट्याच होत्या. धूमकेतूकडे यान पाठवायचं म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून बसल्या. मग दुसरा आला, मग तिसरा. मी सातवा." आजोबा किंचित हसले. "बाई म्हणायच्या, आकडा पाठ करू नका, आकड्याची अट पाठ करा. आकडा विसराल, अट विसरणार नाही. आणि मी नेमकी अटच विसरलो."

"आकड्यात काय काय होतं, तेही आठवत नाही?"

"शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक होते. प्रत्येक एकदाच. तेवढं पक्कं आहे. पण ते अंक वेगवेगळ्या प्रकारे मांडले, तर छत्तीस लाखांहून जास्त आकडे होतात. रोज एक हाक मारायची म्हटली, तर जवळजवळ दहा हजार वर्षं लागतील."

ऋजुताने दुसऱ्या बाजूने विचारून पाहिले. "तुम्ही सातवे आलात, तेव्हा बाई काय म्हणाल्या?"

आजोबा उत्तर द्यायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांची नजर समुद्राकडे लागली.

"बाई म्हणाल्या," ते सावकाश बोलू लागले, "भालचंद्र, तू आलास आणि नऊ जण घरी गेले."

"म्हणजे? नऊ जणांनी काम सोडलं?"

"छे. कुणीच नाही सोडलं." आजोबांनी कपाळ चोळले. "ते आकड्याबद्दल होतं. थांब जरा. बाई एकट्या होत्या, तेव्हा एकच अंक. दुसरा माणूस आला, तेव्हा दोन अंक झाले, आणि त्या दोन अंकी आकड्याची दोघांत समान वाटणी व्हायला हवी. तिसरा आला, तेव्हा तीन अंक, आणि तिघांत समान वाटणी. माणूस वाढला की आकडा एका अंकानं लांब होतो, आणि तरी बाकी काही उरत नाही. ऋजू, हीच ती अट."

"म्हणजे पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोननं भाग जायचा, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला तीननं, असं दहापर्यंत?"

"दहापर्यंत."

ऋजुता उभी राहिली. "चला, फरीदामावशींना सांगू."

आजोबा जागचे हलले नाहीत. "आधी खात्री करू. आज पुन्हा अर्धवट काहीतरी घेऊन त्या खोलीत जायला मी तयार नाही. या अटीतून एक आकडा निघाला तर ती खरी. शंभर निघाले तर माझ्या डोक्यातला आणखी एक घोळ."

कागद नव्हता, पेन नव्हते. पण पांढऱ्या गारगोट्या पुष्कळ होत्या. ऋजुताने एक उचलून कातळावर ओळीने दहा चौकोन आखले.

"ही दहा घरं," ती म्हणाली. "कुठून सुरुवात करायची?"

"ज्या घराची अट सगळ्यात कडक, तिथून. दहानं कुठल्या संख्येला भाग जातो?"

"जिच्या शेवटी शून्य असतं." तिने दहाव्या घरात शून्य लिहिले. "आणि पाचनं भाग जायला शेवटी शून्य किंवा पाच लागतो. शून्य वापरून झालं. म्हणजे पाचव्या घरात पाचच."

"झाली दोन घरं. आता दोन, चार, सहा, आठ या घरांचं काय?"

ऋजुताने विचार केला. दोनने, चाराने, सहाने किंवा आठाने भाग जायचा असेल, तर संख्या सम असायलाच हवी (सम म्हणजे दोनने पूर्ण भाग जाणारी, न जाणारी ती विषम). म्हणजे त्या चारही घरांत सम अंक. आणि शून्य सोडले तर सम अंक चारच उरले होते: दोन, चार, सहा, आठ.

"आणि मग एक, तीन, सात, नऊ हे विषम अंक उरलेल्या विषम घरांत," ती म्हणाली. "एक सम, एक विषम, एक सम, एक विषम. शाळेत मुलगा-मुलगी असं आलटून पालटून बसवतात तसं."

आजोबांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "आता चौथं घर. शंभराला चारानं भाग जातो, म्हणून चाराची परीक्षा फक्त शेवटच्या दोन अंकांवर होते. तिसऱ्या घरात विषम अंक आहे. मग चौथ्यात कोण बसेल?"

ऋजुता पुटपुटत एकेक जोडी तपासू लागली. बाराला चाराने भाग जातो, चौदाला नाही, सोळाला जातो, अठराला नाही. बत्तीसला जातो, चौतीसला नाही, छत्तीसला जातो, अडतीसला नाही. पुढे बहात्तर आणि शहात्तर, ब्याण्णव आणि शहाण्णव.

"दोन किंवा सहाच चालतात," तिने सांगितले. "चार आणि आठ चालत नाहीत."

"आठव्या घराचंही तसंच आहे. दोनशेला आठानं भाग जातो, म्हणून हजारालाही. सहाव्या घरात सम अंक आहे, म्हणजे तिथले शेकडे दोनशे, चारशे, सहाशे किंवा आठशे. त्यांची काळजीच नको. उरले सातवा आणि आठवा. सातवा विषम आहे. आठव्यात पुन्हा दोन किंवा सहाच बसणार."

"मग दोन आणि सहा हे चौथ्या आणि आठव्या घरांत गेले," ऋजुता म्हणाली, "आणि चार आणि आठ उरले दुसऱ्या आणि सहाव्यासाठी."

ती आता गुडघ्यांवर बसली होती. हात गारगोटीच्या पिठाने पांढरे झाले होते.

"तीनची परीक्षा माहीत आहे?"

"सगळ्या अंकांची बेरीज करायची. बेरजेला तीननं भाग गेला तर संख्येलाही जातो."

"पहिल्या तीन अंकांची बेरीज तीनच्या पाढ्यात असायला हवी. पहिल्या सहा अंकांना सहानं भाग जायचा, म्हणजे तीननंही जाणारच. तर मग मधल्या तिघांचीही, चौथा, पाचवा आणि सहावा, बेरीज तीनच्या पाढ्यात येते."

ऋजुताने करून पाहिले. चौथ्यात दोन आणि सहाव्यात चार घेतले, तर दोन, पाच, चार मिळून अकरा. नाही. दोन, पाच, आठ मिळून पंधरा. चालेल. सहा, पाच, आठ मिळून एकोणीस. नाही. सहा, पाच, चार मिळून पंधरा. चालेल.

"दोनच रस्ते उरले," ती म्हणाली. "मध्ये २५८, नाहीतर मध्ये ६५४."

तिने कातळावर दहा-दहा घरांच्या दोन ओळी नव्याने आखल्या. पहिल्या ओळीत २५८ मांडले. मग दुसऱ्या घरात चार आणि आठव्यात सहा आपोआप आले. पहिल्या तीन अंकांची बेरीज जुळायला चारच्या दोन्ही बाजूंना एक आणि सात हेच अंक लागत होते. उरले तीन आणि नऊ. सातव्या घरात तीन ठेवला तर शेवटी छत्तीस येतात, आणि छत्तीसला आठाने भाग जात नाही. शहाण्णवला जातो. म्हणून सातव्यात नऊ. या रस्त्यावर सात अंकी सुरुवाती दोनच निघाल्या: १४७२५८९ आणि ७४१२५८९.

दुसऱ्या ओळीत मध्ये ६५४, दुसऱ्या घरात आठ, आठव्यात दोन. इथे गर्दी जास्त झाली. सातव्या घरात तीन किंवा सात दोन्ही चालत होते, कारण बत्तीस आणि बहात्तर दोघांनाही आठाने भाग जातो. एकेक शक्यता धरून दोघांनी आठ सुरुवाती काढल्या: १८९६५४३, ९८१६५४३, ७८९६५४३, ९८७६५४३, १८३६५४७, ३८१६५४७, १८९६५४७ आणि ९८१६५४७.

"दोन आणि आठ, दहा," ऋजुताने मोजले. तिचा आवाज जरा उतरला. "आजोबा, एक नाही निघाला. दहा निघाले. आणि आपल्याकडे हाक एकच आहे."

आजोबांच्या डोळ्यांत मात्र वेगळीच चमक आली होती. "दहाच निघायला हवेत. अजून सातव्यानं परीक्षा कुठे घेतली आहे? तू आलास आणि नऊ जण घरी गेले, असं बाई म्हणाल्या होत्या. दहातून नऊ गेले की किती उरतात?"

"एक!" ऋजुता म्हणाली.

"सातला सोपी युक्ती नाही," आजोबा म्हणाले. "सरळ भागाकार करायचा. पाच तुझे, पाच माझे."

दोघे पाठीला पाठ लावून कातळावर भागाकार करू लागले. वाऱ्याने गारगोटीची पूड उडत होती. ऋजुताच्या पहिल्या आकड्यात बाकी सहा उरली. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात पाच. तिने प्रत्येकावर काट मारली. मागून आजोबांचे पुटपुटणे ऐकू येत होते, "सात साती एकोणपन्नास, हा गेला." सूर्य खाली सरकत होता आणि बशीची सावली त्यांच्यावरून पुढे निघून गेली होती.

तिच्या शेवटच्या दोघांतही बाकी उरली, एकात दोन आणि एकात चार. "माझे पाचही गेले," ती म्हणाली. आता सगळी भिस्त आजोबांवर होती.

तिने वळून पाहिले. आजोबा एका आकड्यापाशी थांबले होते. ३८१६५४७. त्याखाली त्यांनी भागाकार लिहिला होता, ५४५२२१. बाकी शून्य.

"बाकीचे चार?" ऋजुताने विचारले.

"तपासले. कुणालाच जात नाही. पण हा तू करून बघ. माझ्यावर विसंबू नकोस."

तिने करून पाहिला. बाकी शून्य. मग तिने पुढची घरे भरली: आठव्यात दोन, नवव्यात उरलेला नऊ, दहाव्यात शून्य. "नऊची परीक्षा राहिली."

"एकपासून नऊपर्यंतच्या अंकांची बेरीज?"

"पंचेचाळीस. नवा पाचे पंचेचाळीस. म्हणजे कसेही मांडले तरी नऊनं भाग जाणारच." तिने संपूर्ण आकडा वाचला, "३८१६५४७२९०. तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद." आणि ती एकदम थबकली. "आजोबा, काल तुम्ही ३८६१ सांगितलं होतं. फक्त एक आणि सहा यांच्या जागा उलट्या झाल्या होत्या."

आजोबांनी दोन्ही आकडे डोळ्यांपुढे आणले. "सहा तिसऱ्या घरात आणि एक चौथ्यात," ते म्हणाले. "अट आठवली असती, तर तिथल्या तिथे चूक धरता आली असती. चौथ्या घरात एक म्हणजे विषम अंक, आणि विषमला चारानं भाग कसा जाईल? बाई म्हणायच्या ते हेच. आकड्याला स्वतःची चूक दाखवता यायला हवी."

ते उठले. चालताना त्यांनी ऋजुताच्या खांद्यावर हात ठेवला होता, पण पावले मात्र तिच्यापेक्षा झपझप पडत होती.

जाळीच्या खोलीत सगळे जमले होते. दुपारचा तो तरुण इंजिनिअरही होता. आजोबांनी फरीदामावशींना आकडा सांगितला नाही. त्यांनी फक्त अट सांगितली आणि म्हणाले, "फरीदा, तुझ्या ढवळ्याला विचार, या अटीत बसणारे आकडे किती?"

फरीदामावशींनी ढवळ्याला अट समजावली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ढवळ्या म्हणाला, "छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे मांडण्या तपासल्या. एकच. ३८१६५४७२९०."

ऋजुताने आपले पांढरे हात पुढे केले. "कातळावर आम्हीही हाच काढला," ती म्हणाली.

फरीदामावशींनी आजोबांकडे पाहिले. "पाठवू, सर?"

"पाठव."

सूर्य समुद्राला टेकला होता. आकडा बशीतून निघाला. टिटवी पाच कोटी किलोमीटरहून दूर होती. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, तरी त्यांना तिथे पोचायला तीन मिनिटे लागणार होती, आणि उत्तर यायला आणखी तीन.

वाट बघताना ऋजुता ढवळ्याजवळ सरकली. तिच्या मनात मघापासून एक गोष्ट सलत होती. "तू एका क्षणात काढलास," ती म्हणाली. "आम्ही दुपारभर खपलो. मग आमच्या खपण्याचा उपयोग काय?"

"मला अट कुणी सांगितली नव्हती," ढवळ्या म्हणाला. "अट नसेल तर माझ्याकडे छत्तीस लाख आकडे आहेत आणि सगळे सारखेच."

"ते झालंच," आजोबा म्हणाले. "आणखी एक आहे. ढवळ्या, पाच पाचव्या घरातच का?"

ढवळ्या थोडा थांबला. "जे आकडे अटीत बसले नाहीत ते मी टाकून दिले. उरलेल्यात पाच पाचव्या घरात आहे. का ते मी शोधलं नाही."

"ऋजू, तुला माहीत आहे?"

"हो," ऋजुता म्हणाली. तिला आता हलके वाटले. "तिथे दुसरं कुणी बसूच शकत नाही."

तरुण इंजिनिअर पडद्याकडे बघत होता. सहा मिनिटे झाली. पडद्यावर नुसती खरखरीची रेघ थरथरत होती. सातवे मिनिट सुरू झाले. आजोबांनी ऋजुताचा हात घट्ट धरला होता, इतका की तो दुखू लागला, पण तिने तो सोडवला नाही.

"जाग यायला वेळ लागतो," आजोबा हलकेच म्हणाले. "चाळीस वर्षांची झोप आहे."

मग रेघेवर एक टोक उमटले. पुन्हा एक. मग एकसारख्या अंतरावर टोके येऊ लागली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे दिसली. फरीदामावशींनी ती मोठ्याने वाचली. "टिटवी जागी आहे. बॅटरी नऊ टक्के. स्मृती शाबूत. माहिती पाठवायला तयार."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही जण हसत होते, काही जण डोळे पुसत होते. तो तरुण इंजिनिअर उठून आजोबांच्या जवळ आला. "सर, मी दुपारी जे बोललो, ते बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"तू काही खोटं नव्हतास बोलला. माझ्या आठवणीवर भरवसा नव्हताच ठेवायचा," आजोबा म्हणाले. "बस इथे. धूमकेतूचं पहिलं चित्र येईल, ते कसं वाचायचं ते दाखवतो."

चित्र ओळीओळीने, सावकाश उतरू लागले. पूर्ण व्हायला अजून बराच अवकाश होता. ढवळ्याने चहा आणला, आणि या वेळी ट्रे सरळ होता.

"पुढच्या वर्षी आम्ही नवं यान सोडतोय," फरीदामावशी ऋजुताला म्हणाल्या. "त्यालाही असाच आकडा हवा. सुचवशील?"

"हा तर आता सगळ्यांना कळला. असा दुसरा कुठला आहे, आजोबा?"

"आपल्या मोजण्यात नाही. ढवळ्या म्हणाला ना, एकच." आजोबांनी चहाचा घोट घेतला. "पण मोजायची पद्धत बदलली तर? आपण नऊपर्यंत अंक लिहितो आणि दहा झाले की पुढच्या घरात एक सरकवतो. याला दशमान पद्धत म्हणतात (दशमान म्हणजे दहाच्या गटांनी मोजणे). दहाच का? हाताला बोटं दहा आहेत म्हणून. एखाद्या ग्रहावर आठ बोटांचं कुणी असेल, तर ते सातपर्यंतच अंक लिहील आणि आठ झाले की एक पुढे सरकवेल. त्यांनी हाच खेळ त्यांच्या आठ अंकांनिशी खेळला, तर त्यांना असे आकडे तीन सापडतील."

"तीन?" ऋजुताला आठ बोटांच्या लोकांचा किंचित हेवा वाटला. "आणि बारा बोटांचे असतील तर?"

"बारात एकही नाही."

"का?"

आजोबांनी कप खाली ठेवला. "सगळ्या मांडण्या तपासून पाहिल्या की निघत नाही, एवढं ठाऊक आहे. पण पाच पाचव्या घरातच का, हे तू मघाशी जसं सांगितलंस, तसं मला ते सांगता येत नाही. मी कधी बसून शोधलंच नाही."

ऋजुताने टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि त्यावर ओळीने बारा चौकोन आखले. पलीकडे पडद्यावर धूमकेतूचा उजळ डोंगराळ कडा हळूहळू उमटत होता.

"शेवटच्या घरात शून्य," ती म्हणाली. "आणि बाराच्या मोजण्यात सहानं भाग जायला शेवटी शून्य किंवा सहा लागेल. म्हणजे सहाव्या घरात सहा. बरोबर ना?"

आजोबांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली.